गुंठाभर आरसा आणि ज्वारीचे तीन दाणे

वसमतहून एका मुलीचा प्रश्न आला आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्याच शब्दांत देतो: "काका, प्रकाशाला वस्तुमान नसतं असं आम्हाला शिकवलं. मग सौर शीड लावलेलं यान प्रकाशाच्या धक्क्यानं चालतं कसं? सूर्याचा प्रकाश तर बाहेरच ढकलणार, मग शीड लावलेलं जपानी यान शुक्राकडं, म्हणजे आत, कसं गेलं? आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या गोळ्यात एक भिंगरी आहे, ऊन पडलं की फिरते. ती प्रकाशाच्या दाबावरच चालते ना? दादा म्हणतो, हे सगळं पिक्चरमधलं आहे."

भिंगरीचं शेवटी सांगतो, कारण त्यात एक गंमत आहे. आधी दादाचं बघू. सौर शीड म्हणजे प्रकाशाचा धक्का झेलायला यानावर ताणलेली पातळ, चकचकीत फिल्म.

मी बंगळुरात सव्वीस वर्षं उपग्रहांच्या दिशानियंत्रणाचं काम केलं. उपग्रहाचं तोंड जिकडं हवं तिकडंच राहील हे बघायचं, एवढंच आमचं काम. आता परभणीत असतो. दादाला सांग, त्या सव्वीस वर्षांत प्रकाशाचा धक्का आम्ही हिशेबात धरला नाही असा एकही उपग्रह नव्हता. आमच्या लेखी ती निव्वळ कटकट होती. समज, उपग्रहाच्या एकाच बाजूला २० चौरस मीटरचं सौर पॅनेल आहे आणि त्याचा मध्य उपग्रहाच्या गुरुत्वमध्यापासून ५ मीटर लांब आहे. त्यावर पडणाऱ्या उन्हाचा धक्का भरतो एका न्यूटनाचा दहा-अकरा हजारावा भाग. हसू येईल इतका कमी. पण तो रात्रंदिवस एकाच बाजूनं लागतो. चोवीस तासांत त्याचं पीळ देणं साठत साठत इतकं होतं, की उपग्रह सावरण्यासाठी आत जी जड चाकं फिरवत ठेवलेली असतात त्यांची बरीचशी ताकद त्यातच खर्ची पडते. मग इंधन जाळून तो पीळ काढावा लागतो. आणि इंधन संपलं की उपग्रहाचं आयुष्य संपलं.

आपल्या इन्सॅट मालिकेत तर हा प्रश्न उघड्या डोळ्यांना दिसायचा. त्यातल्या हवामानाच्या कॅमेऱ्याचे संवेदक खूप थंड ठेवावे लागतात, आणि त्यासाठी एक बाजू काळ्याभोर, थंड अवकाशाकडं मोकळी सोडावी लागते. तिथं पॅनेल लावलं तर त्याचीच ऊब लागणार. म्हणून पॅनेल एकाच बाजूला. मग तोल कसा साधायचा? दुसऱ्या बाजूला लांब दांडीच्या टोकावर एक हलकं शीड लावायचं, म्हणजे दोन्हीकडचा धक्का सारखा. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात वजन टाकावं तसं. एप्रिल १९८२ मध्ये सुटलेल्या इन्सॅट-१ए चं हे शीड उघडलंच नाही. त्याच्या इतरही अडचणी होत्या, पण दिशा सावरण्याचं इंधन संपलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो सोडून द्यावा लागला. म्हणजे आपल्या देशानं सौर शीड अवकाशात वापरलंय. पुढं जायला नव्हे, जागेवर नीट उभं राहायला.

आता वस्तुमानाचं. गोंधळ होतो तो शाळेतल्या सूत्रामुळं. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, असं आपण आठवी-नववीत घोकतो. मग वस्तुमान शून्य, तर संवेगही शून्य. पण ते सूत्र सावकाश चालणाऱ्या जड वस्तूंपुरतं आहे. प्रकाशाचा संवेग त्याच्या ऊर्जेतून येतो: ऊर्जेला प्रकाशाच्या वेगानं भाग, उत्तर मिळालं. यासाठी प्रकाशकण मानायलाच हवा असंही नाही. प्रकाशाला लहर धरूनच मॅक्सवेलनं १८७३ साली हा दाब किती असेल ते काढलं होतं, तेव्हा फोटॉनची कल्पनाही कुणाच्या डोक्यात नव्हती. १९०० च्या सुमारास रशियात लेबेदेव यांनी तो प्रत्यक्ष मोजला. आपल्याकडं कोलकात्यात तरुण मेघनाद साहांनीही १९१८ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर प्रकाशाच्या दाबावर काम केलं.

प्रकाश काळ्या कापडावर पडून जिरला तर एक धक्का. आरशावरून परतला तर दुप्पट, कारण येताना एक आणि उलट फिरून जाताना एक. चेंडू झेलणं आणि चेंडू तितक्याच जोरानं परतवणं यात हाताला जो फरक जाणवतो, तोच. म्हणून शीड चकचकीत असतं.

किती धक्का? पृथ्वीच्या अंतरावर सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १,३६१ वॉट येतात. परिपूर्ण आरसा धरला तर दाब येतो चौरस मीटरला साधारण ९ मायक्रोन्यूटन. हा आकडा कुणाच्या पचनी पडत नाही, म्हणून मी तो नेहमी शेताच्या मापात सांगतो. एका गुंठ्याचा आरसा अवकाशात सूर्यासमोर धर. त्यावरचा सगळा प्रकाश मिळून जो रेटा देईल, तो पृथ्वीवर ज्वारीचे तीन दाणे तळहातावर ठेवल्यावर जेवढा भार वाटेल तेवढा. एक एकर आरसा केलास, तर पावणेचार ग्रॅम. चमचाभर साखर.

आणि जमिनीवर हे का जाणवत नाही, तेही यातच आलं. ताशी ४० किलोमीटरचा साधा वारा चौरस मीटरला जो रेटा देतो, तो याच्या ऐंशी लाख पट असतो. सौरपंपाची पॅनेलं वळवाच्या वादळात उडतात. उन्हानं उडाल्याचं कुणी ऐकलंय का?

मग इतक्या धक्क्यावर यान चालवायचं कसं? इथं मला आमच्या खळ्याची आठवण होते. लहानपणी आजोबा उंच तिपाईवर उभे राहून ज्वारी उपणायचे. पाटीतून धार सोडली की दाणे सरळ पायाशी, आणि भूस उडून पार बांधापर्यंत. वारा दोघांना एकच होता. दाण्याला पाठ कमी आणि वजन जास्त, भुसाला वजन नाही आणि पाठ मोठी. सौर शिडाची सगळी विद्या एवढीच आहे बघ: यानाचं भूस करायचं. धक्का वाढवणं आपल्या हातात नाही, सूर्य आहे तेवढाच आहे. हातात एकच गोष्ट आहे, दर किलोमागं किती चौरस मीटर.

जपानच्या इकारोस यानाचा हिशेब घे. २१ मे २०१० ला सुटलं, जूनमध्ये शीड उघडलं. १४ मीटर बाजूचा चौकोन, साडेसात मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची पॉलिइमाइड या प्लास्टिकची फिल्म. यानाचं वजन तीनशे किलोच्या वर. म्हणजे किलोमागं पाऊण चौरस मीटरही नाही. मोजलेला धक्का १.१२ मिलिन्यूटन, ज्वारीचे चारेक दाणे. तरी सहा महिन्यांत त्यानं वेगात सेकंदाला सुमारे १०० मीटरचा फरक पाडला, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. आता २०१९ चं लाइटसेल-२ घे. शीड फक्त ३२ चौरस मीटर, पण अख्खं यान ५ किलोचं. किलोमागं सहा चौरस मीटरांहून जास्त! सतत पूर्ण ऊन मिळालं, तर महिन्याभरात ताशी ५४० किलोमीटरचा वेग चढेल इतकं त्याचं त्वरण. लहान शीड, पण भूस जास्त.

रॉकेट भडभडून दहा-पंधरा मिनिटं जळतं आणि गप्प होतं. शीड कधी गप्प होत नाही. आषाढी वारीत कुणी पळत नाही, तरी परभणी-हिंगोलीची माणसं पंढरपूरला पोचतातच.

एक आकडा मात्र लक्षात ठेव, मला तो फार आवडतो. शीड आणि यान मिळून चौरस मीटरला दीड ग्रॅमच भरलं, तर सूर्याचा रेटा आणि सूर्याची ओढ बरोबर तुल्यबळ होतात. दोन्ही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात, म्हणून सूर्यापासून कितीही लांब गेलीस तरी ही बरोबरी टिकते. असं यान सूर्याभोवती न फिरता नुसतं तरंगत राहू शकेल. पण दीड ग्रॅम म्हणजे किती? वहीचा कागद चौरस मीटरला साठेक ग्रॅम भरतो. लाइटसेलची साडेचार मायक्रॉनची मायलर फिल्म नुसतीच सहा ग्रॅमच्या पुढं जाते, त्यात दांड्या, बॅटऱ्या, रेडिओ धरलेले नाहीत. अजून वाट लांब आहे.

आता तुझा सगळ्यात चांगला प्रश्न: आत कसं जायचं. त्याआधी इकारोसबद्दल खरं सांगून टाकतो. त्याला शुक्राच्या वाटेला लावलं ते रॉकेटनं, शुक्राकडं निघालेल्या अकात्सुकी यानाबरोबर. शिडानं त्या वाटेवर वेगात बदल केला. पण नुसत्या शिडानंही आत जाता येतं, आणि ते समजायला घरातला हात-आरसा पुरे.

लहानपणी आरशानं समोरच्या भिंतीवर कवडसा पाडला असशील. शिडाचंही तसंच. कवडसा जिकडं फेकशील, त्याच्या उलट बाजूला शिडाला रेटा बसतो. आता पृथ्वीवरून निघालेलं कुठलंही यान स्थिर नसतं, ते पृथ्वीबरोबर सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं सूर्याभोवती फिरतच असतं. शीड असं तिरकं कर की कवडसा यानाच्या मागं पडेल. यान पुढं रेटलं जाईल, वेग मिळेल, आणि फिरता फिरता कक्षा बाहेर बाहेर उलगडत जाईल. आता शीड दुसऱ्या अंगानं तिरकं कर, कवडसा पुढच्या वाटेवर पडू दे. यानाला ब्रेक लागतो. फिरण्याचा वेग कमी पडला की सूर्याची ओढ वरचढ होते आणि यान सूर्याकडं सरकतं. आत ओढायचं काम सूर्याचं गुरुत्व करतं, प्रकाश फक्त ब्रेक मारतो. तिरकेपणा किती ठेवायचा? साधारण ३५ अंश. त्याहून जास्त तिरकं केलं तर शिडावर ऊनच कमी पडतं, कमी केलं तर रेटा नुसता बाहेरच्या बाजूला वाया जातो. आणि आत जाताना ऊन वाढत जातं. अंतर निम्मं झालं की धक्का चौपट. म्हणून शिडाचा खरा मुलूख सूर्याच्या जवळचा आहे. गुरूपाशी पोचेपर्यंत धक्का सत्ताविसाव्या हिश्शावर येतो.

यानाला मिळणारी ही ऊर्जा कुठून येते, असं तू पुढं विचारशीलच. परतणाऱ्या प्रकाशातून. शीड प्रकाशापासून लांब पळत असताना परतलेला प्रकाश किंचित तांबडा होतो, त्याची ऊर्जा तेवढी घटते. ती घट यानाच्या खात्यात जमा होते.

'शीड' आणि 'सौर वारा' या दोन शब्दांनी मात्र पुष्कळांची दिशाभूल केली आहे. सौर वारा म्हणजे सूर्यातून सुटणारे विद्युतभारित कण. त्यांचा दाब प्रकाशाच्या दाबाच्या हजारांशानंही नसतो. सौर शीड त्यावर चालत नाही. आणि शीड म्हटलं की कोकणातलं गलबत डोळ्यांसमोर येतं. आपण मराठवाड्यातल्यांनी शीड पाहिलंय कुठं? नाथसागरातसुद्धा होड्याच. म्हणून मी खळ्याचंच उदाहरण देतो, ते जास्त बरोबर बसतं.

भौतिकशास्त्र इतकं सरळ असेल तर आकाश शिडांनी का भरलं नाही? घडीमुळं. ही गोष्ट पुस्तकात दोन ओळींत येते आणि आमच्यासारख्यांची वर्षं खाते. गुंठाभर फिल्म, केसाच्या दहाव्या हिश्शाइतकीच जाड, ती एका डब्यात बसवायची. तो डबा महिनोन्महिने गोदामात पडून राहणार, रॉकेटच्या थरथराटातून जाणार, आणि मग वर, जिथं हात लावायला कुणी नाही, तिथं एकदाच उघडायचा, न फाटता. घरी आई पैठणीची घडी दर काही महिन्यांनी मोडून वेगळ्या रेषेवर का घालते? एकाच रेषेवर दुमडलेली राहिली तर पैठणी तिथंच चिरते. शिडाचंही तेच होतं, फक्त आमची पैठणी पेटीतून काढून पुन्हा घालता येत नाही. मी एकदा एका चाचणीला होतो. फिल्मचा छोटा तुकडा घडी घालून टेबलावर उघडायचा होता, इतकं साधं काम. घड्या स्थिर विजेनं एकमेकींना अशा चिकटल्या की दांडी पुढं गेली आणि फिल्म जागेवरच. दुपारभर आम्ही पाच जण ती उलगडत बसलो. घड्यांत अडकलेली हवा हा आणखी एक ताप. वर निर्वातात गेल्यावर ती फुगते आणि फाडते.

उघडायच्या रीती दोन. इकारोसनं यानच गरागरा फिरवलं, चार कोपऱ्यांवर वजनं होती, ती बाहेर फेकली गेली आणि शीड ताणलं गेलं. दांड्यांचं वजन वाचलं. लाइटसेलनं गवंड्याच्या स्टीलच्या टेपसारख्या गुंडाळलेल्या धातूच्या चार दांड्या सोडल्या. मला स्वतःला पहिली रीत जास्त पटते, पण फिरणाऱ्या शिडाचं तोंड वळवणं अवघड जातं. इकारोसनं त्यावर फार सुरेख तोड काढली होती: शिडाच्या कडेला द्रवस्फटिकाच्या पट्ट्या होत्या, कॅल्क्युलेटरच्या पडद्यासारख्या. वीज चालू-बंद केली की त्या चकचकीत किंवा धुरकट होतात. एका कडेची चमक कमी केली की तिकडचा धक्का कमी, आणि शीड वळतं. ना इंधन, ना हलणारा भाग. ऑगस्ट २०२४ मध्ये नासाच्या एका छोट्या यानानं ८० चौरस मीटरचं शीड हलक्या, संमिश्र साहित्याच्या दांड्यांवर उघडलं. त्यातली एक दांडी किंचित वाकली. आमच्या धंद्यातल्या माणसाला ती बातमी वाचून आश्चर्य वाटलं नाही.

पृथ्वीजवळ शीड फारसं कामाचं नाही, हेही सांगायला हवं. सातशे-आठशे किलोमीटरच्या खाली विरळ हवेची ओढ प्रकाशाच्या धक्क्यावर मात करते. लाइटसेल-२ साधारण ७२० किलोमीटरवर होतं, सव्वातीन वर्षं टिकलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये वातावरणात जळालं. खरा उपयोग मला दिसतो तो आपल्या आदित्य-एल१ सारख्या कामात. ते यान सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवर, जिथं सूर्य आणि पृथ्वीच्या ओढीचा मेळ बसतो त्या एल१ बिंदूभोवती फिरतं. तिथं शीड लावलं, तर बाहेरच्या रेट्यामुळं मेळ बसण्याची जागा सूर्याकडं सरकते. म्हणजे सौर वादळाची खबर आणखी आधी मिळेल आणि जागा धरून ठेवायला इंधनही लागणार नाही. लेसरनं शीड ढकलून दुसऱ्या ताऱ्याकडं पाठवायचे बेत २०१६ पासून फार गाजले. माझं मत विचारशील, तर एल१ च्या पुढचं साधं शीड मी हयातीत बघेन, ताऱ्याकडं जाणारं नाही.

कटकटीचं वरदान झाल्याचं एक उदाहरण देतो. नासाच्या केप्लर या अवकाशातल्या दुर्बिणीची दिशा सावरणाऱ्या चार चाकांपैकी दोन २०१३ पर्यंत बंद पडली. तीन चाकांशिवाय दुर्बीण एका जागी रोखता येत नाही. मग नासाच्या लोकांनी यान अशा कोनात धरलं की सौर पॅनेलांवर उन्हाचा धक्का दोन्हीकडं समान पडावा. तिसऱ्या चाकाचं काम प्रकाशानं केलं आणि २०१४ पासून पुढं चार वर्षं दुर्बीण चालली. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या उलट दिशेला का असते, ते सूर्यकिरणांचा रेटा असावा, असं चारशे वर्षांपूर्वी म्हणणारा माणूस म्हणजे ज्याचं नाव या दुर्बिणीला दिलं तो खगोलशास्त्रज्ञ केप्लरच.

आणि तुला हे लांबचं वाटत असेल तर तुझ्याच जिल्ह्यात ये. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे, २०२३ साली केंद्रानं तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या या यंत्रात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतात आणि टोकांना ४० किलोचे आरसे टांगलेले असतात. त्यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या लेसरची शक्ती तीन लाख वॉट धरलीस, तर एका आरशावर २ मिलिन्यूटनांचा रेटा येतो, म्हणजे दोन गुंठ्यांचं अवकाशातलं ऊन. तो स्थिर असता तर चाललं असतं. पण प्रकाशकण पावसाच्या पहिल्या थेंबांसारखे कमी-जास्त पडतात, आणि त्यानं आरसा थरथरतो. अमेरिकेतल्या लायगोत ही ४० किलोच्या आरशाची थरथर मोजली गेली, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. प्रकाशाच्या धक्क्याशी भांडणारी पुढची पिढी बंगळुरात नाही, हिंगोली जिल्ह्यात बसणार आहे.

आता भिंगरी. ती प्रकाशाच्या दाबावर चालत नाही. पात्यांची एक बाजू काळी आणि एक रुपेरी असते ना? रुपेरीवरून प्रकाश परततो, म्हणून तिला दुप्पट धक्का. दाबानं फिरली असती, तर रुपेरी बाजू मागं ढकलली गेली असती आणि काळी बाजू पुढं चालली असती. प्रत्यक्षात उलट होतं. त्या गोळ्यात थोडी हवा राहिलेली असते. काळी बाजू तापते, पात्याच्या कडेशी ती हवा थंड बाजूकडून गरम बाजूकडं सरकते, आणि पात्याला उलटा रेटा बसतो. गोळ्यातली हवा जवळजवळ पूर्ण काढली तर भिंगरी थांबते. मॅक्सवेललाही आधी तिनं चकवलं होतं. सोमवारी प्रयोगशाळेत गेलीस की खिडकीजवळ ठेव, फिरायला लागली की कुठली बाजू पुढं चालते ते नीट बघ, आणि दादालाही सोबत ने.